एकही गोळी चुकवली नाही

“एकही चुकवली नाही, मॅडम,” ती म्हणाली. “सासूबाई रोज स्वतःच्या हातानं देतात. पाणीसुद्धा त्याच आणून देतात.”

हे सांगताना तिच्या आवाजात थोडा तोरा होता. फिटच्या दवाखान्यात गोळ्या चुकवणाऱ्यांना सगळ्यांदेखत बोलणी बसत. तिला कधी बसली नव्हती. मागचे म्हातारे डॉक्टर तर इतर पेशंटना तिचं उदाहरण देत. पण ते निवृत्त झाले होते आणि त्यांच्या खुर्चीत बसलेल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी आता हातातलं पेन खाली ठेवलं.

“आणि पाळी चुकून महिना उलटून गेलाय?”

“हो. आधी वाटलं, अशीच पुढे गेली असेल. लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही नादच सोडला होता. परवा तपासलं तेव्हा कळलं.” ती हसली. “घरात नुसता धुमाकूळ चाललाय. सासूबाईंनी शेजारपाजाऱ्यांना सांगूनसुद्धा टाकलं.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “दिवस राहण्याआधी ही गोळी बदलावी लागते, असं कुणी बोललं नव्हतं तुम्हाला?”

“मोठ्या डॉक्टरांनी विचारलं होतं एकदा, मूल हवंय का म्हणून. मी म्हटलं, आता कुठलं. मग त्यांनी मान हलवली.” तिचं हसू ओसरत गेलं. “का हो मॅडम?”

डॉक्टरीणबाईंनी डावा हात टेबलावर उताणा ठेवला.

“सुरुवातीला बाळ म्हणजे एक चपटी चकती असते. तिळाहून लहान. तिच्या पाठीकडच्या बाजूला मधोमध एक पट्टी जाड होते. मग ती मध्ये खचते, पन्हळीसारखी.” त्यांनी तळवा खोलगट केला. “दोन्ही कडा वर येतात, एकमेकींकडे झुकतात आणि जुळतात. त्याची नळी होते. तिच्या वरच्या भागाचा मेंदू होतो आणि खालच्याचा पाठीतला मज्जारज्जू. नळीची दोन्ही टोकं सगळ्यांत शेवटी मिटतात.”

“आणि नाही मिटली तर?”

“वरचं टोक उघडं राहिलं तर बाळ जगत नाही. खालचं राहिलं तर जगतं, पण पाठीचा तेवढा भाग उघडा राहतो. पायांत जोर येत नाही, लघवीवर ताबा राहत नाही. कुणाला कमी, कुणाला जास्त. तुमच्या गोळीनं हा धोका वाढतो. बहुतेक बायकांचं नीट होतं, हेही सांगते. पण धोका वाढतो.”

“मग आजपासून बंद करते. आत्तापासून.”

“अजिबात नाही.” डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. मग त्यांनी तो खाली आणला. “नीट ऐका. ती नळी गर्भ राहिल्यापासून चौथ्या आठवड्यातच मिटते. तेव्हा बाईला शंकाही धड आलेली नसते. तुमच्या बाळाची मिटायची तर मिटली, राहायची तर राहिली. आपण गोळी बदलणार आहोत, पण हळूहळू. ही उतरवत न्यायची, दुसरी चढवत न्यायची. एकदम बंद केलीत आणि फिट सुरू होऊन थांबलीच नाही, तर दोघंही जाल.”

“कळणार कधी?”

“रक्त तपासू, त्यात थोडा अंदाज येईल. खरं दिसेल ते पाचव्या महिन्यात, सोनोग्राफीत.”

“तोवर मी काय करायचं?”

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहायला घेतली. “गोळ्या घ्यायच्या,” त्या म्हणाल्या. “आणि वाट पाहायची.”

*

ती एका जुन्या कचेऱ्यांच्या इमारतीत लिफ्ट चालवायची. जाळीचं सरकतं दार, पितळी मूठ, कोपऱ्यात एक उंच स्टूल. येणारे-जाणारे तिला लिफ्टवालीच म्हणत. नवरा रंगारी होता, आणि चारचौघांत त्याचा एक ठरलेला विनोद होता. “आमची ही दिवसभर वरखाली करते, पण पोचत कुठेच नाही.” त्यावर ती म्हणायची, “आणि हे दिवसभर लोकांची घरं रंगवतात. आमच्या भिंतीचे पोपडे तेवढे बघून जा.”

लहानपणापासून तिला फिट यायची. लग्न ठरवताना तिच्या आईनं ते लपवलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा आली ती स्वयंपाकघरात, सासूच्या समोर. सासूनं तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा हात घातला आणि ती शुद्धीवर येईपर्यंत तो काढला नाही. ती लाजेनं रडायला लागली तेव्हा सासू म्हणाली, “एवढंच ना? मला वाटलं होतं, काय भयंकर असेल. जीभ बाहेर काढ बघू, चावलीस का?” त्या दिवसापासून गोळी देणं हे सासूचं काम झालं. संध्याकाळी दिवा लावला की ती हातात गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन सुनेसमोर उभी राहायची. सुनेची फिट बंद झाली याचं सगळं श्रेय ती स्वतःकडे घ्यायची, आणि सूनही घेऊ द्यायची.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिनं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते जमेल तसं सांगितलं. हाताची पन्हळ करून दाखवली. नवरा मध्येमध्ये प्रश्न विचारत होता. सगळं ऐकून झाल्यावर सासूनं आपले दोन्ही हात मांडीवर उलटे करून पाहिले.

“म्हणजे मीच दिली,” सासू म्हणाली. “रोज. माझ्या ह्या हातानं.”

“आई, असं काय बोलता?” ती म्हणाली. “अजून काही कळलेलं नाही.”

“मीच दिली,” सासू पुन्हा म्हणाली, आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दिवा लागला, पण सासू गोळी घेऊन आली नाही. पाकीट फळीवर ठेवून ती म्हणाली, “आता तुमचं तुम्ही बघा. मला नका सांगू.” मग रंगारी द्यायला लागला. बोटांना डिस्टेंपर लागलेला असायचा, म्हणून तो गोळी झाकणात काढून पुढे करायचा.

ती गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायची, हसायची. गोळी गालात असायची. मग मोरीत जाऊन ती थुंकायची आणि वर तांब्याभर पाणी ओतायची. नवी गोळी ती गिळायची, पण ती अजून अगदी थोडी चालू होती. जुनी बहुतेक दिवशी तिच्या घशाखाली उतरतच नव्हती. आता काही उपयोग नाही हे तिला समजलं होतं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं शब्द न् शब्द पाठ होतं. तरीही ती पांढरी गोळी जिभेवर आली की घसा आपोआप आवळायचा.

दिवसभर स्टुलावर बसून तिच्या डोक्यात एकच विचार असायचा. तो आठवडा कुठला होता? ती मागे मागे जाऊन शोधायची. बहुधा लिफ्टचं दार अडकत होतं तो. तेलवाला आला होता, त्याच्याशी तिची हुज्जत झाली होती. की त्यानंतरचा? सासूचा चष्मा हरवला आणि अख्ख्या घरानं शोधल्यावर तो तिच्याच डोक्यावर सापडला, त्यावर सगळी पोट धरधरून हसली होती. त्याच वेळी आत, तिळाएवढ्या जागेत, दोन कडा एकमेकींकडे येत होत्या. किंवा येता येता थांबत होत्या. तिला तेव्हा काही दुखलं नव्हतं, खुपलं नव्हतं. एवढं मोठं काहीतरी अंगात घडून गेलं आणि ती चष्म्याला हसत बसली. एखाद्या मजल्यावर कुणी घंटा वाजवत राहायचं आणि तिला ऐकू यायचं नाही. “काय बाई, झोपलात का?” लोक जाळीतून ओरडायचे.

रक्ताचा निकाल आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आकडा असायला हवा त्याहून वरचा आहे, पण एवढ्यावरून काही ठरत नाही. त्या आठवड्यात तिनं जुनी गोळी एकदाही गिळली नाही.

मग एका सकाळी लिफ्ट वर जाताना तिला जळक्या रबराचा वास आला. सोबत चौथ्या मजल्यावरचे वकील होते, नेहमीचे. फिट येण्याआधी येणारा तो वास तिनं वर्षानुवर्षं घेतला नव्हता, पण लगेच ओळखला. आता थोडाच वेळ होता. तिनं मूठ फिरवून लिफ्ट पुढच्याच मजल्याला लावली, जाळी सरकवली.

“उतरा साहेब.”

“अहो, मला चौथ्यावर जायचंय. हा दुसरा.”

“उतरा म्हणते ना!”

वकील रागानं पुटपुटत बाहेर पडले. तिनं मूठ मधोमध आणली, स्टुलावरून उतरून खाली बसली, डोकं भिंतीपासून लांब घेतलं आणि दोन्ही हातांनी पोट झाकलं. इतपत तिला नंतर आठवत होतं.

शुद्ध आली तेव्हा वकीलच तिच्या शेजारी गुडघे टेकून बसले होते आणि त्यांचा कोट तिच्या डोक्याखाली होता. “मला वाटलं उर्मटपणा करताय,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. “मला काय माहीत?”

दवाखान्यात तपासलं, बाळाचे ठोके चालू होते. नोकरी मात्र गेली. इमारतीचे मॅनेजर वाईट माणूस नव्हते. ते घरी आले, खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, “तुम्ही फिटचं लपवलंत याचा राग नाही. पण उद्या दारात कुणाचा हात असताना असं झालं तर?”

ते गेल्यावर रंगारी म्हणाला, “मला एक कळत नाही. मी रोज देतोय गोळी, मग फिट आली कशी?”

तिनं मोरीकडे पाहिलं. तेवढं पुरलं.

“थुंकत होतीस?” सासू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. आवाज मोठा नव्हता. “पोरी, लिफ्टमध्ये एकटी पडून मेली असतीस म्हणजे? कुणासाठी केलंस? ज्याच्यासाठी केलंस, तेही गेलं असतं.”

“मला गिळवत नाही, आई. तुम्हाला द्यायला होत नाही, तसं मला गिळायला होत नाही.”

सासूनं फळीवरचं पाकीट काढलं, चष्मा लावून वाचलं, कुठली अर्धी आणि कुठली पूर्ण ते मुलाकडून नीट समजून घेतलं आणि गोळी सुनेसमोर धरली. “हात माझाच लागायचा असेल तर लागू दे,” ती म्हणाली. “तोंड उघड. आणि गिळून झाल्यावर पुन्हा उघडून दाखवायचं. मला फसवू नकोस.”

*

सोनोग्राफीच्या खोलीत पडद्यावर पाठीचे मणके दिसत होते. मोत्यांच्या दोन सरी शेजारी शेजारी ठेवाव्यात तसे. डोक्याकडून त्या खाली आल्या, बारीक होत आल्या. एका जागी मात्र त्या एकमेकींपासून लांब गेल्या. तिला कुणी सांगायची गरज पडली नाही. यंत्र फिरवणारा डॉक्टर बोलायचा थांबला होता आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी येत होता.

“कमरेजवळ,” नंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “वरचं सगळं मिटलंय. मेंदू आहे. खालचा भाग राहिलाय. पाय बहुधा चालणार नाहीत. डोक्यात पाणी साचू शकतं. जन्मल्या जन्मल्या पाठीचं ऑपरेशन करावं लागेल, पुढेही करावी लागतील.” त्यांनी रिपोर्ट मिटून बाजूला ठेवला. “इथेच थांबवायचं असेल तर तेही करता येतं. ते तुम्ही ठरवायचं. कुणीही तुम्हाला नावं ठेवणार नाही, मी तर नाहीच. पण लवकर ठरवा.”

“गोळीमुळेच ना?” तिनं विचारलं.

“नक्की कुणीच सांगू शकणार नाही. गोळी न घेणाऱ्या बायकांतही होतं.”

हे ऐकून तिला रडू आलं नाही. राग धरायला एक जागा होती, तीही सुटली, एवढंच वाटलं.

घरी कुणी जेवलं नाही. रंगारी भिंतीला टेकून बसला होता.

“मी स्पष्ट बोलतो,” तो म्हणाला. “मला भीती वाटते. मी शिडीवर उभा राहून पोट भरतो. आज आहे, उद्या पडलो तर? तुझी फिट आहेच. आई म्हातारी. त्या जिवाला उचलायचं कुणी? आपण गेल्यावर कुणी?”

“माझं काही म्हणणं नाही,” सासू म्हणाली. “मला विचारूच नका. मी सांगितलं आणि पुढे उलटं झालं तर मला झेपायचं नाही.”

“तुमचं बरोबर आहे,” ती नवऱ्याला म्हणाली. आणि तिला ते खरंच पटलं होतं. “थांबवू या.”

रात्री झोपताना ठरलेलं होतं. सकाळी ती उठली, चहा ठेवला आणि चहा ओतू गेला तरी बघत उभी राहिली. पोटात काहीतरी हललं होतं. आधीही हलायचं, पण आज जरा जोरात, एका बाजूला. हात होता की पाय, कळायला मार्ग नव्हता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की पोटात असताना पाय हलतातही, त्यावरून पुढचं काही ठरवता येत नाही. त्यामुळे तिनं त्यात आशा धरली नाही. पण दवाखान्यात जायची साडी काढून पलंगावर ठेवली होती, ती तिला नेसवेना.

“चल, उशीर होतोय,” रंगारी म्हणाला.

“माझ्यानं होत नाहीये हो.”

“काल तूच म्हणालीस...”

“म्हणाले. आजही तुमचंच बरोबर आहे. मला निभवता येईल असंही मी म्हणत नाही. काही माहीत नाही मला. फक्त माझ्यानं हे होत नाहीये.”

त्यानं चपला घातल्या आणि तो कामावर गेला. पुढे कितीतरी दिवस तो घरात कामापुरतं बोलत होता. विनोद तर त्यानं सोडूनच दिला. ती आता दिवसभर घरी असायची. दुपारी शेजारणी यायच्या, पोटाकडे बघून काहीबाही चांगलं बोलायच्या, आणि सासू त्यांना दारातूनच परत पाठवायची. “झोपली आहे ती,” सासू सांगायची. ती आत जागी बसलेली असायची.

*

मुलगी झाली. पोट कापूनच काढायची असं आधीच ठरलेलं होतं, म्हणून तिनं पहिलं रडणं ऐकलं ते पडद्याच्या पलीकडून. कुणीतरी क्षणभर एक लालबुंद, रागावलेला चेहरा तिच्या गालाला लावला आणि नेला. पाठ तिला दाखवली नाही. ती ओल्या पट्टीखाली झाकलेली होती.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. सर्जन म्हणाले, जागा बंद झाली, पण जे आतून तयारच झालं नव्हतं ते शिवून येत नाही. मग काही दिवसांनी मुलीचं डोकं वाढायला लागलं. पाणी उतरवण्यासाठी आत एक बारीक नळी बसवावी लागली.

पाठ भरून येईपर्यंत मुलीला पालथंच ठेवायचं होतं. काचेच्या पेटीत ती एका गालावर निजलेली असायची, आणि उभं राहून पाहिलं की फक्त कान, डोकं आणि पट्टी दिसायची. टाके ताजे होते तरी ती हळूहळू फरशीवर बसायची. डोकं आडवं करून पेटीला टेकलं की दोघींचे डोळे एका रेषेत यायचे. नर्स रागवायच्या. मग एकीनं स्वतःहून एक बुटकं स्टूल आणून दिलं. मुलगी तिच्याकडे बघायची. एकटक, कपाळाला आठी घालून. ती तिला काहीही सांगायची. तेलवाल्याशी झालेली हुज्जत, आजीचा चष्मा.

एकदा तिनं पेटीच्या भोकातून हात घातला आणि तळपायाला हळूच गुदगुल्या केल्या. बोटं हलली नाहीत. दुसऱ्या पायाचीही नाहीत. तिनं हात काढला नाही. पाय मऊ होते, कोमट होते, नखं इवलीशी आणि पूर्ण होती. मागे सासू उभी होती.

“बापावर गेलेत पाय,” सासू म्हणाली. “अंगठा बघ कसा बाहेर आलाय.”

रंगारी कामावरून यायचा, काचेतून बघायचा, औषधं आणून द्यायचा आणि लवकर निघायचा. कुठे जातो, विचारलं तर म्हणायचा, “घरी थोडं काम आहे.” दवाखान्यातच मुक्कामाला असलेल्या सासूला वाटलं, त्याला हे बघवत नाही. तिलाही तसंच वाटलं. तिनं त्याला अडवलं नाही. त्यानं नको म्हटलं होतं आणि तिनं केलं होतं. आता त्याच्यावर कशाची सक्ती करायची?

घरी सोडलं त्या दिवशी तो रिक्षा घेऊन आला. मुलगी आईच्या छातीवर पालथी होती, डोकं खांद्यावर. गचके बसू नयेत म्हणून तो रिक्षावाल्याला सारखा हळू, हळू करत होता. घराशी आल्यावर त्यानं पुढे होऊन कुलूप काढलं, दार उघडलं आणि बाजूला उभा राहिला. त्याच्या हातांवर या वेळी रंग नव्हता. बोटांच्या पेरांवर सालटं निघाली होती आणि नखांत राखाडी सिमेंट होतं.

तिनं दारात सवयीनं पाय उंच उचलला. उंबरा ओलांडायला. पण तिथे उंबरा नव्हता. जुना दगडी उंबरा मुळापासून काढून टाकलेला होता, आणि रस्त्यापासून घरापर्यंत जमीन सारखी, एका उताराची करून घोटलेली होती. आतल्या खोलीचाही नव्हता. मोरीचाही नव्हता.

उचललेला पाय वाटलं होतं त्याहून खाली पडला आणि तिला धक्का बसला. मुलगी दचकली. तिचे दोन्ही हात वर उडाले, मुठी उघडल्या, पुन्हा मिटल्या. पाय तसेच लोंबत राहिले.

तिनं मुलीला खांद्यावर सावरून घेतलं आणि ती आत गेली.